चांदूरची भाजी अमरावतीला कशाला जाऊन येते?

दिवाळी झाली की चांदूर रेल्वेच्या बाजारात सांभार, पालक, मेथी, वांगी, फुलकोबी यांचे ढीग दिसायला लागतात. भाजी कुठली म्हणून विचारलं तर विकणारा सरळ सांगतो, "अमरावतीवरून आणली." त्यातला काही माल नाशिककडचा असतो, काही मध्य प्रदेशातला. पण काही आपल्याच तालुक्यातल्या वाड्यांमधला असतो आणि तोही अमरावतीवरूनच आलेला असतो. पहाटे तीनला वांग्याचे कट्टे मालवाहू ऑटोत चढतात, तीसेक किलोमीटरवरच्या ठोक बाजारात उतरतात, हर्रास होतो आणि आपल्याच गावचा किरकोळ विक्रेता त्यातला कट्टा उचलून परत चांदूरला आणतो. जाताना भाडं शेतकऱ्याच्या खिशातून, येताना गिऱ्हाइकाच्या. या फेऱ्यात पालकानं मान टाकलेली असते, आणि पिकवणाऱ्याला किलोमागे दहा रुपये पडले तेच वांगं सायंकाळी इथं तीस रुपयांनी विकलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मी भाजीपाल्याची रोपं तयार करून विकते. घरची जमीन सोयाबीन, तूर आणि कपाशीत आहे. विहिरीजवळच्या तुकड्यावर शेडनेट आहे आणि त्यात मिरची, वांगी, टमाटे, कोबीचे ट्रे. कोण किती मिरची लावणार, कोणाच्या विहिरीला यंदा पाणी आहे, कोणी भाजीपाला सोडून दिला, हे मला रोपांच्या मागणीवरूनच कळतं. भाजीपाला सोडणाऱ्यांची यादी लांबत चालली आहे, म्हणून हे लिहिते. चांदूरच्या शिवारात जे पिकतं ते पिकवणाऱ्याला चांदूरच्याच बाजारात बसून विकता आलं पाहिजे. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात, बसायला ठरलेली जागा आणि लावायला खात्रीचं रोप. योजना आणि मेळावे त्यानंतरचे.

आपल्या काळ्या जमिनीत भाजी होत नाही, असं तालुक्यातली शिकलेली माणसंही बोलून जातात. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याला धुऱ्यावर नेऊन उभं केलं असतं. त्यांच्या वेळी कपाशीत दोन-दोन तासं बरबटी, अंबाडी, भेंडी असायची, तुरीच्या कडेला काकडी आणि टरबुजाचे वेल सोडलेले असायचे. पावसाळ्यात चिवळ, कुंजर, तरोटा, केना न पेरता यायचा. निंदायला आलेल्या बाया जाताना ओच्यात भाजी घेऊन जायच्या; तो मजुरीतलाच एक भाग होता. घरचं भागून उरलेलं टोपलीत घालून सासूबाई बाजाराला यायच्या, कधी पॅसेंजरनं बडनेऱ्यालाही जायच्या. त्या मिठामिरचीच्या पैशावर पुरुषाचा हक्क नव्हता. घरात बाईचा म्हणून जो काही पैसा होता, तो एवढाच.

मग सोयाबीन आलं. मी त्याला दोष देत नाही. चार महिन्यांत पैसा देणारं पीक दुसरं नव्हतं आणि आमचंही घर त्यावरच उभं राहिलं. पण सोयाबीनसोबत तणनाशक आलं, आणि तणनाशकाला बरबटी कोणती अन् गवत कोणतं हे कळत नाही. कपाशीतली भाजीची तासं गेली, चिवळ-कुंजर गेली, बाईची टोपली गेली. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झाला आणि हंगामात भाव त्याच्या बराच खाली राहिला, तेव्हा घरात दुसरा पैसा कुठून येणार याचं उत्तर आमच्यापैकी अनेकांजवळ नव्हतं. अर्ध्या एकरातली भाजी कर्ज फेडू शकत नाही, हे खरं आहे. पण मुलांच्या वह्या, दवाखाना, गॅसचं सिलिंडर एवढं ती दर आठवड्याला काढते, आणि सोयाबीनचा चुकारा येईपर्यंत घर उभं ठेवते.

भाजीपाला सोडण्याचं दुसरं कारण रानातलं आहे. पोहरा-मालखेडच्या जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांना विचारा. रोह्यांचा कळप एका रात्रीत कोबीचा तुकडा साफ करतो, डुकरं आलू आणि भुईमूग उकरून टाकतात, दिवसा वानरं. भाजीवाल्याला रात्रभर जागल करावी लागते आणि जागल करून सकाळी तीनला माल भरून अमरावती गाठायची म्हटल्यावर माणूस किती दिवस टिकेल? कुंपणाला अनुदान हवंच. पण बाजार जवळ आला तर निदान पहाटेची दोन-तीन तासांची झोप तरी परत मिळेल.

वऱ्हाडानं बाजाराला शिस्त लावण्याचं काम देशात सगळ्यांच्या आधी केलेलं आहे. कारंजाचा कापसाचा बाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे देशभर ज्या बाजार समित्या झाल्या, त्यांचं मूळ तिथं आहे. इंग्रजांना कापूस हवा होता, म्हणून कापसाला वजन, माप, हर्रास, जागा सगळं मिळालं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती याच चांदूरवरून, तीही मुख्यतः कापूस न्यायला. भाजीकडे मात्र तेव्हा कोणी पाहिलं नाही, कारण ती गिरणीत जात नव्हती, बायांच्या टोपलीत येत होती. आजही आमच्या तालुक्यात कापसाला आणि सोयाबीनला यार्ड आहे, काटा आहे, शेड आहे. सांभाराची जुडी घेऊन येणाऱ्या बाईला डोक्यावर पत्रा नाही.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. शेतकऱ्यानं कुठंही, कोणालाही विकावं, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असं ठरलं. निर्णय चांगला होता आणि मी त्याच्या बाजूनं आहे. पण विकायची मोकळीक मिळाली तरी विकायला बसायचं कुठं, हे त्यात नव्हतं. पुण्या-मुंबईत पणन मंडळाच्या मदतीनं शेतकऱ्यांचे आठवडी बाजार उभे राहिले. छोट्या तालुक्याच्या गावात ते पोचले नाहीत, कारण मोठ्या सोसायट्यांचं गिऱ्हाईक इथं नाही.

बाजाराच्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. रोजचा विक्रेता आदल्या रात्रीच ताडपत्री अंथरून जागा धरतो. त्याचं पोट त्यावर आहे, त्यानं धरावी. शेतावरून निघालेली बाई सकाळी भाजी तोडून, जुड्या बांधून, पाणी शिंपडून पोचते तोवर नऊ वाजलेले असतात. मग तिला जागा मिळते ती नालीच्या कडेला, नाही तर रस्त्यावर, जिथून मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून उठवतात. बैठकीची पावती तिलाही फाडावी लागते. अशा वेळी एखादा विक्रेता येतो आणि म्हणतो, "काकू, सारं उक्तं देऊन टाका, कायले उन्हात बसता?" तिला घरी जाऊन निंदणाला मजूर बघायचे असतात. ती देऊन टाकते. एका टोपलीचे जे मिळतात त्यातून ऑटोचं भाडं आणि पावती वजा केली की हातात उरतं ते बघून पुढच्या हंगामात ती माझ्याकडे रोपं घ्यायला येत नाही.

यात त्या विक्रेत्याला खलनायक करायची माझी इच्छा नाही. तोही उधारीवर माल आणतो, सायंकाळी उरलेलं मातीमोल विकतो. आलू आग्र्याकडून येणार, आलं-लसूण बाहेरून येणार, पावसाळ्यात इथला टमाटा सडला की नाशिकचा येणार. बारमाही बाजार तोच चालवतो आणि त्याला उठवून शेतकरी बसवा असं कोणी म्हणत असेल तर माझा त्याला विरोध आहे. माझी मागणी छोटी आहे. बाजाराच्या एका बाजूला पत्र्याखाली दहा-पंधरा ओटे फक्त पिकवणाऱ्यांसाठी राखून ठेवावेत. सातबारा किंवा तलाठ्याचा पीकपेरा दाखवावा, नगरपरिषदेनं ओटा द्यावा, त्या दिवसापुरता, फिरता. सातबारा बहुतेक घरांत नवऱ्याच्या नावावर असतो, म्हणून घरातल्या बाईलाही तोच कागद चालेल असं स्पष्ट लिहावं. हे न लिहिल्यास ओट्यावर बाया दिसणारच नाहीत. पाण्याचा नळ आणि बायांसाठी स्वच्छ मुतारी. दिवसभर बाजारात बसणाऱ्या बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. हे बाजार भरवणाऱ्या कोणालाही ठाऊक नाही असं मी मानत नाही.

हे जमतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत पॅसेंजर बंद, आठवडी बाजार बंद, अमरावतीला जायचं तर पास. तेव्हा याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हातगाड्या आणि दुचाकी काढल्या, गल्लीगल्लीत वांगी, भेंडी, पालक पोचवला. गिऱ्हाईक आणि पिकवणारा समोरासमोर आले. "दादा, हे भेद्रं तुमच्याच वावरातलं व्हय ना?" असं विचारून लोक घेत होते आणि दादा सांगत होता की औषध कधी मारलं, किती दिवसांनी तोडलं. बाजार सुरू झाले आणि ती घडी मोडली. टिकवून धरायला कोणी पुढं आलं नाही.

आता रोपाकडे येते, कारण ते माझं रोजचं काम आहे.

रोप विकताना सगळी रोपं सारखीच दिसतात. हिरवी, ताठ, ट्रेमध्ये ओळीनं उभी. मिरचीचं रोप पस्तीस-चाळीस दिवसांचं झालं की लागवडीला येतं. त्याआधीचा शेवटचा आठवडा त्याचं पाणी कमी करून त्याला उन्हाची सवय लावावी लागते, म्हणजे खोड कडक होतं. घाईत विकायचं असेल तर उलट करतात. पाणी आणि युरिया वाढवला की रोप आठ दिवसांत उंच, गर्द हिरवं दिसतं. घेणाऱ्याला तेच आवडतं. वावरात लावलं की पहिल्या उन्हात ते माना टाकतं. ट्रेमधून रोप अलगद उपसून बघा. पांढऱ्या मुळांनी कोकोपीट सगळीकडून धरून ठेवलेलं असेल आणि गड्डा न सुटता हातात आला तर रोप तयार आहे. मुळं तपकिरी असतील किंवा गड्डा फुटत असेल तर ते घेऊ नये, फुकट दिलं तरी. आणि पानं उलटी करून बघा. पांढरी माशी ट्रेमध्येच बसलेली असेल तर चुरडा-मुरडा, ज्याला आपण बोकड्या म्हणतो, तो रोपासोबतच वावरात जातो आणि मग कितीही फवारा, तो हटत नाही. म्हणून दाट विणीची कीटकरोधक जाळी लागते, दाराला दुहेरी पडदा लागतो. या सगळ्यामुळे रोप काही पैशांनी महाग पडतं, आणि तेवढ्या पैशांसाठी लोक जाळी नसलेल्या ठिकाणाहून रोप घेतात.

फुलकोबीत तर फसगत दिसतच नाही. लवकरच्या हंगामाचं वाण आणि उशिराच्या हंगामाचं वाण रोपात ओळखू येत नाही. लवकरचं वाण थंडीच्या तोंडावर लावलं की गड्डा लिंबाएवढा होऊन थांबतो. तोवर दोन महिने गेलेले असतात, खत-पाण्याचा पैसा गेलेला असतो, आणि ज्याच्याकडून रोप घेतलं त्याची पावती नसते, कारण पावती कोणी दिलीच नव्हती. मी माझ्या ट्रेसोबत छापील चिठ्ठी देते. वाण, बियाण्याचा लॉट नंबर, पेरल्याची तारीख, माझा फोन. सुरुवातीला लोक ती खिशात घालून विसरायचे. आता काही जण चिठ्ठी मागून घेतात, आणि पीक बिघडलं तर तीच घेऊन येतात. येऊन भांडलेले मला चालतात. न येता भाजीपाला सोडून दिलेले चालत नाहीत.

फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा कायदा आहे. परवाना लागतो, खुंट कोणता आणि डोळा कोणत्या झाडावरून घेतला याची नोंद ठेवावी लागते. भाजीपाल्याच्या रोपांचा त्यात विचार नाही. २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आली, शेडनेटला निम्मं अनुदान मिळालं, काही तरुण-तरुणींनी रोपवाटिका उभ्या केल्या. तिथून पुढचं पाऊल रोपाची चिठ्ठी सक्तीची करण्याचं आहे. चिठ्ठीला खर्च जवळजवळ काही नाही. माझ्यासारख्या रोपवाटिकावाल्यांना ती जाचक वाटेल म्हणून कृषी विभागानं मागं हटू नये, कारण प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला त्याचा फायदाच आहे.

संत्र्यात तर ही चिठ्ठी आणखी महत्त्वाची, कारण तिथं फसगत कळायला पाच-सहा वर्षं लागतात. वरुड तालुक्यातल्या शेंदूरजना घाटाकडे संत्र्याच्या कलमांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा आहे. लाखो कलमा तिथून बाहेर जातात आणि डोळा भरणाऱ्यांचा हात असा की बघत राहावं. चांगल्या रोपवाटिका तिथं आहेतच. पण आमच्या भागात कलमा पुष्कळदा ट्रॅक्टरवर, रस्त्याच्या कडेला, नाव-गाव न सांगता विकल्या जातात. माझ्या सासऱ्यांनी अशाच एका फिरत्या विक्रेत्याकडून कलमा घेतल्या होत्या. जंबेरीवर भरलेल्या सांगितल्या होत्या, पण डोळा जमिनीपासून चार बोटांवर. तो नऊ इंचांच्या वर हवा, म्हणजे पावसात चिखल उडून कलमाच्या जोडाला लागत नाही. आमच्या भारी जमिनीत पाणी साचलं, बुंध्यातून डिंक यायला लागला, आणि बहार धरायच्या वयात झाडं एकेक करून वाळली. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था १९८५ पासून आहे, रोगमुक्त कलमा ती देते, पण तिथवर जाणारे थोडे आणि आधी नोंदणी करून थांबणारे त्याहून थोडे. म्हणून तालुक्यातच एक परवानाधारक रोपवाटिका हवी, जिथं रंगपूर लाईमवरची कलम वाढताना शेतकरी स्वतः जाऊन बघू शकेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं अरुणा वांगं, अकोला सफेद कांदा यांचं खात्रीचं बियाणंही तिथं मिळालं तर भाजीवाल्याची एक चक्कर वाचेल.

कोणी म्हणेल, एवढ्याशा भाजीनं काय होतं, मोठ्या बाजारांकडे बघा, समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला आहे, माल थेट मुंबईला पाठवा. ज्यांच्याकडे गाडीभर माल आहे त्यांनी जरूर पाठवावा. पण दूरच्या एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत संत्रावाल्यांनी मोजलेली आहे. बांगलादेशानं २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शीतल्या बगीच्यांचे भाव इथं कोसळले. ज्या निर्णयाशी आपला काही संबंध नाही, त्यावर आपलं वर्ष अवलंबून राहिलं. चांदूरच्या बाजाराला येणारं गिऱ्हाईक लहान आहे, पण ते दर आठवड्याला येतं आणि त्याला रोज खायचं आहे.

खरिपाची मिरची आणि वांगी आमच्याकडे मे महिन्यात ट्रेमध्ये पडतात. शेतकरी किती लावायचं ते तेव्हाच ठरवतो. ओटे पावसाळ्यानंतर देऊ, असं उत्तर मिळालं तर या वर्षीचा भाजीपाला आधीच ठरून गेलेला असेल, पुन्हा अमरावतीच्या गाडीच्या हिशोबानं. नगरपरिषदेनं बाजाराच्या वसुलीचा ठेका काढतानाच त्यात पिकवणाऱ्यांच्या ओट्यांची अट घालावी आणि त्यांची पावती माफ करावी. तालुका कृषी अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्येच रोपवाटिकावाल्यांना बोलावून चिठ्ठीचा नमुना ठरवून द्यावा. बैठकीला मी येते, माझ्या चिठ्ठ्या घेऊन येते, आणि ज्यांनी भाजीपाला सोडला त्यांच्यापैकी दोन-तीन काकूंनाही घेऊन येते. ओटा मिळाला तर किती तासं बरबटी लावायची, हे त्यांना विचारा.